खेळाचा निर्णय कुणाचा?

लेका,

साहेबांच्या फुटबॉल क्लबसाठी केलेला तुझा प्लॅन वाचला. परदेशी कोच, दोन स्ट्रायकर, नवा लोगो, समर्थकांसाठी ॲप, तीन वर्षांत वरची डिव्हिजन. मेहनत दिसते. पण ज्या एका ओळीसाठी मी सगळी पानं उलटली, ती ओळ कुठेच सापडली नाही. कोचला नेमणार कोण आणि काढणार कोण? खेळाडू घ्यायचा की नाही, यावर शेवटचा शब्द कुणाचा? तू लिहिलं आहेस, ‘मॅनेजमेंट ठरवेल.’ मॅनेजमेंट म्हणजे कोण? क्लब विकत घेतलेले साहेब? ब्राझीलच्या पोराच्या क्लिपा तुला पाठवणारे त्यांचे मेहुणे? जुने सेक्रेटरी? की तू?

तू विचारलंस, ‘सर, सुरुवात कुठून करू?’ इथून कर. खेळाचा निर्णय कुणाचा, ते आधी कागदावर आण. बाकी सगळं त्यानंतर.

पत्रात तू ब्लॅकबर्नचं नाव घेतलंस, पण कोंबडीपुरतंच. पुण्यातल्या माणसाने ब्लॅकबर्न नीट समजून घ्यायला हवं. उत्तर इंग्लंडच्या लँकेशरमधलं छोटं गिरणीचं गाव. क्लब 1875 चा, आणि 1888 मध्ये ज्या बारा क्लबांनी इंग्लंडची लीग सुरू केली त्यांतला एक. नोव्हेंबर 2010 मध्ये आपल्या सिंहगड रस्त्यावरच्या, कोंबड्यांच्या धंद्यातल्या वेंकीजने तो 2 कोटी 30 लाख पाउंडांना घेतला. महिनासुद्धा झाला नव्हता, आणि 13 डिसेंबरला मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, सॅम ॲलरडाइसला काढलं. संघ तेव्हा इंग्लंडच्या सर्वांत वरच्या प्रीमियर लीगमध्ये तेराव्या क्रमांकावर होता. संकटात नव्हता. फेब्रुवारीत चेअरमन जॉन विल्यम्स गेले. क्लब कसा चालतो हे वर्षानुवर्षं आतून पाहिलेला माणूस गेला. मे 2012 मध्ये विगनने त्यांच्याच ईवुड पार्कवर येऊन हरवलं आणि क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला. त्या रात्री कुणीतरी मैदानात कोंबडी सोडली, आणि आपल्याकडे लोकांना तेवढंच आठवतं.

मला आठवतो तो पुढचा हंगाम, 2012-13 चा. ॲलरडाइसच्या जागी आलेला स्टीव्ह कीन सप्टेंबरमध्ये गेला. मग हेनिंग बर्ग आला. याच क्लबकडून 1995 ची प्रीमियर लीग जिंकलेला माणूस. तो 57 दिवस टिकला. दहा सामने, एक विजय. मग मायकल ॲपलटन, 67 दिवस. मधल्या काळात एरिक ब्लॅक आणि गॅरी बोयर यांनी संघ सांभाळला. ड्रेसिंग रूममधल्या पोराचा विचार कर. सोमवारी कुणाचं ऐकायचं, हेच त्याला कळत नसणार.

आता नीट वाच. बर्गच्या करारात लिहिलं होतं की मुदतीआधी काढलं तर राहिलेल्या काळाचा पगार द्यायचा. क्लबने आधी ते देणं मान्य केलं. मग कोर्टात भूमिका बदलली आणि सांगितलं, आमच्या मॅनेजिंग डायरेक्टरला असा करार करायचा अधिकारच नव्हता! कोर्टाने ते ऐकलं नाही. 2013 मध्ये बर्गच्या बाजूने 22 लाख 50 हजार पाउंडांचा निकाल लागला. म्हणजे क्लबच्या मॅनेजिंग डायरेक्टरने सही केलेला करार, आणि सही करणाऱ्याला अधिकार होता की नाही यावर क्लब स्वतःच कोर्टात भांडतोय. लोक म्हणतात, मालकांना फुटबॉल कळत नव्हतं. मी म्हणतो, न कळणं हा गुन्हा नाही. बहुतेक मालकांना कळत नाही, तुझ्या साहेबांनाही कळत नाही. निर्णय कुणाचा हे ठरलेलं नसणं, हा खरा रोग.

पैसा कमी पडला असंही नाही. वेंकीजने त्या क्लबमध्ये वर्षानुवर्षं पैसा ओतला आहे, आणि ते श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. म्हणून तू जेव्हा लिहितोस की ‘साहेब खर्च करायला तयार आहेत, आता अडचण नाही’, तेव्हा मला धास्ती वाटते. खर्च करायला तयार असलेल्या साहेबांभोवती निर्णय घेणारे आपोआप वाढतात.

आणि याच क्लबने वीस वर्षं आधी उलटं करून दाखवलं होतं. जॅक वॉकर हा ब्लॅकबर्नचाच माणूस, पोलादाच्या धंद्यात मोठा झालेला. 1991 मध्ये त्याने क्लब हातात घेतला, तेव्हा संघ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये रखडत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने केनी डाल्ग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं. 1992 ला संघ वर चढला, त्याच उन्हाळ्यात ब्रिटनमधली तोवरची विक्रमी रक्कम देऊन स्ट्रायकर ॲलन शिअररला घेतलं आणि 1995 ला लीग जिंकली. गाव तेच, मैदान तेच, मालकाचा पैसा तसाच. खेळ कोण बघतो, याचं उत्तर मात्र एका नावात मिळत होतं.

तू म्हणशील, सर, एकच माणूस सगळं ठरवणार म्हणजे हुकूमशाही. नाही रे! माणूस एकच असावा असं मी म्हणतच नाही. खुर्ची एक असावी. संडरलँड बघ. डिसेंबर 2020 मध्ये क्रिस्टियान स्पीकमन स्पोर्टिंग डायरेक्टर, म्हणजे खेळाचे निर्णय बघणारा, म्हणून आला. फेब्रुवारी 2021 मध्ये किरिल लुई-ड्रेफसने क्लबचा ताबा घेतला, तेव्हा तो तुझ्यापेक्षाही लहान होता, तेविशीतला. संघ तिसऱ्या पातळीवर होता. त्यानंतर मॅनेजर किती बदलले! तरी 2022 ला क्लब वर आला आणि 2025 ला वेम्बलीवर शेफील्ड युनायटेडला 2-1 हरवून प्रीमियर लीगमध्ये पोचला. मॅनेजर येत-जात होते, पण खेळाडू कशा प्रकारचे घ्यायचे हे ठरवणारी खुर्ची हलली नाही.

वेल्सच्या रेक्सहॅमचं तू कौतुकाने लिहिलंस, पण त्यांच्यावरच्या मालिकेच्या कॅमेऱ्यांबद्दल. मला त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते. क्लब 2011 पासून समर्थकांच्या ट्रस्टकडे होता. रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी या हॉलिवूडच्या दोघांना तो द्यायचा की नाही यावर मतदान झालं आणि मत देणाऱ्यांपैकी 98.6 टक्के सभासदांनी होकार दिला. 2021 च्या उन्हाळ्यात फिल पार्किन्सनला मॅनेजर नेमलं. मे 2022 मध्ये घरच्या मैदानावर, बढतीसाठीच्या प्ले-ऑफच्या उपांत्य सामन्यात ग्रिम्सबीने 5-4 हरवलं. नवा मालक, सगळ्या जगाचं लक्ष, आणि पाचव्या पातळीतूनही बाहेर पडता येईना. तुझ्या साहेबांच्या मेहुण्यांनी त्या रात्री काय केलं असतं? रेक्सहॅमने पार्किन्सनला ठेवलं. 2023, 2024, 2025, लागोपाठ तीन बढत्या. निर्णय कुणाचा हे शांत डोक्याने आधी ठरलेलं असलं, तर हरलेल्या रात्री ते नव्याने ठरवावं लागत नाही.

ब्लॅकबर्नलाही हे उशिरा जमलं. 2017 मध्ये शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला जिंकूनही ते केवळ गोलफरकाने तिसऱ्या पातळीवर घसरले. तेव्हा मॅनेजर टोनी मोब्रेला काढलं नाही. पुढच्याच वर्षी त्याने संघ परत वर आणला, आणि एकूण पाच वर्षं तो तिथे राहिला. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जिच्याबद्दल मी त्यांना कायम मानतो. तिसऱ्या पातळीवर असतानाही अकॅडमी पहिल्या श्रेणीची ठेवली. ॲडम व्हार्टन, ब्लॅकबर्नचाच पोरगा, सहाव्या वर्षापासून तिथे. फेब्रुवारी 2024 मध्ये तो क्रिस्टल पॅलेसला गेला तो 1 कोटी 80 लाख पाउंडांना, आणि जूनमध्ये इंग्लंडकडून खेळला. तुझ्या प्लॅनमध्ये 15 आणि 18 वर्षांखालचे संघ ‘पहिलं वर्ष स्थगित’ असं आहे. ते खोड. हा हात जोडून केलेला आग्रह समज किंवा दटावणी समज, पण खोड.

कारण मी ती स्थगिती पाहिली आहे. मी ज्या क्लबमध्ये होतो त्याचं नाव तुला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही. मालक बदलले, भला माणूस. पहिल्याच बैठकीत मी म्हटलं, खेळाचा निर्णय कुणाचा ते लिहून द्या. ते हसले, म्हणाले, आपण घरचीच माणसं, कागद कशाला. मग घरातल्या प्रत्येकाला मत आलं. सामन्याच्या सकाळी टीमशीटवर नाव बदलायचा फोन आला, तेव्हा मी राजीनामा दिला. आजही मला लोक सांगतात की थोडं सबुरीने घेतलं असतं तर क्लब टिकला असता. तूही कुणाकडून ऐकलं असशील. मी हे मानत नाही. आज तो फोन आला, तर आजही त्याच दुपारी निघेन. ज्या कोचला मी शब्द दिला होता की संघ तूच निवडशील, त्याच्यासमोर दुसरं नाव घेऊन कोणत्या तोंडाने उभा राहणार होतो? सबुरी मी सहा-सहा महिने पगार न मिळालेल्या ग्राऊंड्समनमध्ये पाहिली आहे, ती मला कुणी शिकवू नये.

सल मात्र आहे. अठरा वर्षांखालच्या पोरांची. डाव्या पायाने खेळणारा एक मिडफिल्डर होता, चेंडू पायात येण्याआधी मान वळवून मैदान बघून घ्यायचा. असं बघणं शिकवता येत नाही. क्लब बंद झाला, त्याने पुढे फुटबॉल सोडलं. तो भेटतो अधूनमधून, आदराने बोलतो. ‘सर, तेव्हा काय झालं होतं?’ असं त्याने अजून विचारलेलं नाही. म्हणून मी तुझ्या मागे लागलो आहे, हे तुला कळायला हवं.

आपल्याकडे क्लब मरणं किती सोपं आहे, तूच बघ. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. पुणे एफसी 2007 ला उभा राहिला, 2015 ला संपला. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी 2019 मध्ये गेला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. त्याच हैदराबादने मार्च 2022 मध्ये फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकली, आणि दोनच वर्षांनी, पगार थकलेले, नवीन खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी, अशा अवस्थेत तळाला राहिली. जिंकल्याने क्लब सुरक्षित होत नाही.

यावरून आठवलं. साहेबांनी जुनी देणी तपासली का? दोन महिन्यांचा पगार थकला की खेळाडू लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांनी करार मोडू शकतो, हा फिफाचा नियम आहे. आणि कंपनी नवी काढली, पण नाव, रंग, मैदान तेच ठेवलं, तर फिफा तिला जुन्याच क्लबची वारस धरू शकते आणि देणी मागे येतात. परदेशी कोचच्या आधी हा हिशेब. जुन्या माळ्याचा आणि किटवाल्याचा पगारही त्यात धर. त्यांची केस फिफापर्यंत जाणार नाही, म्हणूनच ती आधी मिटव.

तू कोल्हापूरच्या पेठेत वाढलास. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचा सामना असला की तिथल्या प्रत्येक माणसाला मत असतं, आणि ते असायलाच हवं. तुझा घोळ इथेच झाला आहे, असं मला वाटतं. ज्याला मत आहे त्याला निर्णयातही वाटा द्यायला हवा, नाहीतर तो दुखावेल, असं तू धरून चाललास. म्हणून प्लॅनमध्ये सगळ्यांना थोडं थोडं वाटून टाकलंस. मेहुण्यांना स्ट्रायकर, सेक्रेटरींना ज्युनिअर, साहेबांना लोगो. अरे, मत सगळ्यांचं ऐक, चहा पाजून ऐक! पण संघ कोण निवडतो याचं उत्तर विचारलं की एकच नाव निघालं पाहिजे.

बैठकीला जाशील तेव्हा सादरीकरण उघडू नकोस. दोन पानांचा मसुदा ठेव. कोचची नेमणूक कुणी करायची आणि काढायचं झालं तर कुणी, कुणाशी बोलून. खेळाडूवर खर्चाची मर्यादा साहेबांची, त्या मर्यादेत निवड कुणाची. एजंटशी फक्त कोण बोलणार. वयोगटाच्या संघांचा पैसा वेगळ्या खात्यात, आणि तो पहिल्या संघासाठी वळवायला कुणाची सही लागणार. साहेबांना सांग की त्यांचा अधिकार कुठेच कमी होत नाही, मर्यादा त्यांचीच आहे आणि खुर्चीवर कुणाला बसवायचं हेही तेच ठरवणार. फक्त एकदा बसवलं की ठरलेल्या मुदतीपर्यंत सामन्याच्या सकाळी फोन करायचा नाही. चांगला मालक हे ऐकतो. व्यवसायात त्याने हेच केलेलं असतं, मैदानावर आला की विसरतो.

‘घरचीच माणसं, कागद कशाला’ असं उत्तर आलं, तर त्याच दिवशी मला फोन कर. राजीनामा लगेच देऊ नकोस, तू अजून तेवढा पुढे आलेला नाहीस, आणि त्या पोरांना आत्ता तू हवा आहेस. पुढच्या बैठकीत तेच दोन कागद पुन्हा ठेव. गरज पडली तर त्याच्याही पुढच्या.

मसुदा रविवारपर्यंत पाठव. मी लाल पेनाने बघून परत देतो. अठरा वर्षांखालच्या पोरांची यादीही जोड, कोण कुठल्या शाळेत आहे आणि सरावाला कसा येतो ते लिहून.

तुझा,
सर