शेऱ्याचा रकाना

बडोदे

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

हवेतली धूळ मोजायच्या कामात आमच्याबरोबर असलेल्या बाईंबद्दल तू विचारलंस ते बरं केलंस. शोकसभेत सगळे त्यांच्या नम्रतेवर बोलले. अरे, नम्र कसल्या! आकडा खटकला की साहेबांनासुद्धा ‘हा कुठून आणलात?’ असं तोंडावर विचारायच्या. दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरी गेलं की चहा मिळायचा, पण तोही उलटतपासणी झाल्यावर.

आमचं काम वरवर सोपं. गच्चीवरच्या सॅम्पलरमधून, म्हणजे हवा ओढून धूळ पेपरवर अडवणाऱ्या यंत्रातून, आठ तासांनी फिल्टर पेपर काढायचा आणि तोलायचा. मिनिटाला १.१ घनमीटर हवा ओढली, तर आठ तासांत ५२८ घनमीटर होते. म्हणजे तोलताना एका मिलिग्रॅमची गफलत झाली की निकाल घनमीटरमागे जवळजवळ २ मायक्रोग्रॅमने हलला. म्हणून बाई पेपर चिमट्यानेच उचलायच्या, धुळीची बाजू आत घेऊन घडी घालायच्या, आणि चोवीस तास डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, राहिल्याशिवाय त्याला काट्यावर चढू द्यायच्या नाहीत. पावसाळ्यात कोणी घाई केली की विचारायच्या, ‘धूळ तोलताय की पाणी?’

पण त्यांचं खरं काम नोंदवहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात दिसायचं. बाकीचे तिथे ‘ठीक’ लिहून मोकळे व्हायचे. बाई लिहायच्या: ‘दुपारी वीज गेली, मीटर पाहून वेळ वजा केला.’ ‘मागच्या बोळात पाचोळा जाळला.’ ‘उत्तरायण. शेजारच्या गच्चीवर शेगडी, ऊंधियूं चालू.’ पुढे आलेखात एखादं टोक वर गेलेलं दिसलं की लोक कारखान्यांकडे बोट दाखवायचे. बाई आधी वही उघडायच्या.

मोजणी आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ दिवस व्हावी अशी हवा मोजण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची अपेक्षा. एका वर्षी सॅम्पलरची मोटर जळाली आणि दिवस कमी भरले. ‘आजूबाजूच्या दिवसांची सरासरी टाका, कोण बघतंय’ असा वरून निरोप आला. बाईंनी रकाना कोरा ठेवला आणि शेऱ्यात ‘मोटर जळाली’ एवढंच लिहिलं. बोलणी खाल्ली, वही बदलली नाही. माझ्या मते एवढ्यासाठी त्यांच्या नावाने वेगळी सभा घ्यायला हवी होती.

आता तुझं काम. हवा मोजायचे तुझे छोटे सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात, त्यांना वजन कळत नाही. हवा दमट झाली की कण पाणी धरून फुगतात आणि सेन्सर जास्त आकडा दाखवतो. तेव्हा ते आधी अधिकृत यंत्राशेजारी लाव, आणि पावसाळ्यातही तिथेच राहू दे; हिवाळ्यात जुळलं म्हणून श्रावणात जुळेल असं धरू नकोस. वाऱ्याची दिशा लिहीत जा. कोयली-नंदेसरीचा कारखान्यांचा पट्टा शहराच्या वायव्येला आहे, त्यामुळे वारा कुठून होता हे न सांगता कारखान्यांना दोष देणं किंवा सोडून देणं, दोन्ही फुकटच. मोबाइलवरच्या एक्यूआयवरही, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकावरही, लगेच जाऊ नकोस. तो सगळ्या प्रदूषकांची सरासरी नसतो. प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा उपनिर्देशांक असतो; ज्याचा सर्वांत वाईट, तोच तिथे दिसतो. तो कोणाचा, हे आधी बघ.

आणखी एक. कर्क स्मिथ या शास्त्रज्ञाने गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर सॅम्पलर लावून चुलीचा धूर मोजला होता. तो अभ्यास १९८३ मध्ये छापून आला. नव्या मुलांना बाई तो वाचायला लावायच्याच. गच्चीवरचा आकडा गच्चीचा, चुलीपुढे बसलेल्या बाईच्या नाकाशी काय चाललंय ते त्यातून कळत नाही, हे त्यांना तिथून पटवायचं असे. तुझ्या यादीत सगळे सेन्सर कचेऱ्यांच्या छपरांवर आहेत. दोन तरी मांडवीच्या गर्दीत, फेरीवाल्याच्या उंचीला लाव.

पहिल्या आठवड्याची वही घेऊन रविवारी ये. आलेख आणू नकोस.

तुझा,
काका