उतार, गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक: ट्रकचालकांच्या शंका

पावसाळा तोंडावर आला की घाटाचे प्रश्न येऊ लागतात, आणि दरवर्षी तेच येतात. कोणी जालन्याची सळई भरून कसारा उतरतो, कोणी धारूरच्या घाटातून जातो. शंका मात्र सगळ्यांनी एकाच ढाब्यावरून उचलल्यासारख्या.

उतारावर न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं, असं आमचे उस्ताद सांगायचे. खरं का? (अंबड)

खोटं. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आताच्या इंजिनात डिझेल जाणंच थांबतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतं. वर गाडी मोकाट सुटते ती वेगळीच.

कन्नड घाटातून रात्री ट्रक काढता येतो म्हणे? (सिल्लोड)

२०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने औट्रम घाटात (म्हणजे कन्नड घाटातच) जड वाहनांना बंदी घातली. ‘रात्री चालतं’ यावर विसंबू नका, निघण्याआधी महामार्ग पोलिसांना विचारा.

एक्झॉस्ट ब्रेक सारखा वापरला तर टर्बो जातो का? (लातूर)

नाही. बटन दाबलं की सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपातली झडप मिटते, धूर कोंडतो आणि पिस्टनला त्या दाबाविरुद्ध रेटावं लागतं. त्यातूनच गाडी रोखली जाते. कंपनीने बसवलेला ब्रेक हा दाब धरूनच बनवलेला असतो. उलट, न वापरलेली झडप काजळीने जाम होते. पाइप थंड असताना झडपेजवळच्या छोट्या सिलिंडरचा दांडा बघा: गंजलेला, काळा, एकाच जागी चिकटलेला दिसला तर सर्व्हिस सेंटर गाठा. हातोडीने ठोकून मोकळा करू नका.

एक जण एक्झॉस्ट ब्रेकची झडप काढून ॲव्हरेज वाढवून देतो म्हणतो. काढू का? (गेवराई)

अजिबात नको. उघडी झडप धुराच्या वाटेत आडवी नसते, तिच्यामुळे ॲव्हरेज पडत नाही. मजुरी मात्र तुमच्याच खिशातून जाते. गाडीत केलेल्या बदलाचं विम्याच्या दाव्यात काय होईल, तेही आधी एजंटला विचारा.

ज्या गिअरमध्ये चढते त्याच गिअरमध्ये उतरवतो, तरी कसाऱ्यात खाली पोचेपर्यंत लायनरचा वास येतो. काय चुकतं? (जालना)

तो नियम कमी ताकदीच्या जुन्या गाड्यांचा. आताचं इंजिन भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये सहज चढवतं, पण त्याच गिअरमध्ये तिला रोखू शकत नाही. उतरताना आणखी एक, कधी दोन गिअर खाली लागतात.

हिशेब बघा. २८.५ टनांची तीन ॲक्सलची गाडी ३०० मीटर खाली येते (इगतपुरी ते कसारा साधारण एवढाच फरक) तेव्हा सुटणाऱ्या ऊर्जेने सुमारे २५० लिटर पाणी उकळेल. ही सगळी उष्णता ड्रम-लायनरवर (चाकाबरोबर फिरणारा ड्रम आणि त्याला घासून चाक रोखणारी पट्टी) घातली तर वास येणारच. ड्रम तापला की फुगतो, लायनर आणि त्याच्यातली फट वाढते, बूस्टरचा (हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्याचा) दांडा लांब यावा लागतो, तापलेल्या लायनरची पकडही घटते. मग पेडल पूर्ण दाबूनही गाडी ऐकत नाही आणि चालक सांगतो, ब्रेक फेल झाला. अहो, फेल कुठला, वरपासून जाळत आणलात की तुम्ही!

आणि गिअर कधी पाडता? उतार लागल्यावर? हीच माझी खरी काळजी आहे. चालत्या उतारावर गिअर काढला आणि खालचा बसला नाही, की गाडी न्यूट्रलला. दोन-चार क्षणांत वेग इतका वाढतो की तो गिअर आता बसणारच नाही. जबरदस्तीने बसवलात तर इंजिनच्या फेऱ्यांचा काटा लाल पट्ट्यात आणि इंजिनची वाट. म्हणून घाटाच्या वरच थांबा. ब्रेकच्या हवेचा काटा बघा, गिअर पाडा, एक्झॉस्ट ब्रेक चालू करा, मगच उतरा. इंजिनचे फेरे जास्त असले की हा ब्रेक चांगला धरतो. फक्त फेऱ्यांचा काटा लाल पट्ट्याच्या खालीच राहिला पाहिजे. क्लच दाबून ठेवलात तर हा ब्रेक धरणारच नाही.

पायाचा ब्रेक वेग सावरण्यापुरता. ठरवलेला वेग ताशी ३० असेल तर ३० ला दाबा, २२ पर्यंत आणा आणि पाय पूर्ण काढा. हलका पाय सतत ठेवू नका, पंपही मारत बसू नका, हवा संपते. उशीर झाला म्हणून मालक ओरडतील, ओरडू द्या.

नेमका कोणता गिअर, ते गाडी आणि मालावर ठरतं. मॅन्युअल बघा, सर्व्हिस सेंटरला विचारा. तुमच्याकडे वास आधीच येतोय, तेव्हा पुढची खेप भरण्याआधी चाकं उघडून लायनर, ड्रम आणि स्लॅक ॲडजस्टर (लायनर-ड्रममधली फट नीट ठेवणारा भाग) मिस्त्रीला दाखवा. ‘या खेपेनंतर बघू’ चालणार नाही.

तापलेल्या ड्रमवर पाणी मारावं का? (परभणी)

नाही, तडकतो.

पावसात रिकाम्या गाडीला एक्झॉस्ट ब्रेक लावावा का? (नांदेड)

निसरड्यावर नको. तो फक्त इंजिनने फिरणाऱ्या चाकांवर चालतो, आणि रिकाम्या गाडीची ती चाकं हलकी असल्याने घसरतात. ट्रेलर असेल तर गाडी मधेच दुमडते. बटन बंद ठेवा, वळणाआधीच वेग उतरवा. एबीएसचा (ब्रेक दाबताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पेटलेला राहत असेल तर आधी तो दाखवून घ्या.