जुनी एमटीबी (माउंटन बाइक) की नवीन? दोन्हींचे पैसे वेगळे ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १३ वर्षांची, २६ इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) आहे, तिच्यावर जीव आहे, दर शनिवार-रविवार ट्रेलवर असता आणि नवीन फुल सस्पेन्शनसाठी (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन) पैसे साठवताय. किमतीच्या ४० टक्के जमलेत, महिन्याला ४ टक्के बाजूला पडतात. आता जुनीची चेन, ब्रेक पॅड, टायर सगळं एकदम संपत आलंय, फोर्कही (पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा काटा) ढिला वाटतोय. मग जुनीवरचा खर्च बंद करून सगळं नवीनसाठी टाकू, की उरलेले ६० टक्के हप्त्यावर घेऊन आत्ताच आणू?

माझं मत, दोन्ही नको.

आधी हप्त्याचं बोलू. व्याज जातं ते तर आहेच पण मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या खर्चाची. फुल सस्पेन्शनला मागचा शॉक, पिव्हटचे (फ्रेमच्या हलणाऱ्या सांध्यांचे) बेअरिंग, १२ स्पीडची महाग कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं), हे सगळं जुनीला नव्हतंच. काही कंपन्या फोर्कची छोटी सर्व्हिस दर ५० तासांनी करायला सांगतात. तुम्ही आठवड्याला ६ तास चालवता असं धरलं तरी दोन महिन्यांत ते ५० तास भरले. म्हणजे महिन्याचा हप्ताही भरायचा आणि सर्व्हिसही करायची, आणि तेव्हा हात आखडला की सायकल भिंतीला टेकून उभी राहते. असं झालेलं मी पाहिलंय, फार वाईट वाटतं.

आता जुनीवरचा खर्च बंद करायचं. ही चूक मी स्वतः केलीय म्हणून कळकळीने सांगते. नवीन सायकलसाठी बचत चालू होती तेव्हा मी चेन बदलायची टाळत गेले, अजून एक महिना अजून एक महिना करत, आणि शेवटी बदलली तेव्हा जुन्या कॅसेटचे दात इतके झिजले होते की नवीन चेन त्यावर बसेचना. एका चढावर पेडलवर उभी राहिले, चेन सटकली आणि गुडघा थेट स्टेमवर (हँडल धरणाऱ्या तुकड्यावर) आपटला. मग कॅसेट आणि पुढची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) दोन्ही घ्यावी लागली, ते पैसे अर्थात नवीनच्या खात्यातूनच गेले. चेनचे वाचवले त्याच्या कितीतरी पट गेले.

तर असं करा. महिन्याच्या ४ टक्क्यांतला अर्धा टक्का जुनीसाठी वेगळा काढा, साडेतीन नवीनला. उरलेले ६० जमवायला ४ च्या हिशोबाने १५ महिने लागले असते, आता साधारण १७ लागतील. फक्त दोन महिने! आणि त्या बदल्यात १७ महिने सायकल नीट चालते. पगार झाला की त्याच दिवशी दोन्ही रकमा आपोआप वळत्या होतील असं लावून टाका, आणि दीड वर्षात लागणारा पैसा आहे तर शेअर बाजारात नको, साधं व्याज मिळेल तिथेच राहू दे. अडीअडचणीसाठी वेगळी रक्कम आहे का हे तुम्ही लिहिलं नाहीत. नसेल तर आधी ती, सायकल त्यानंतर.

जुनीच्या अर्ध्या टक्क्यातून काय घ्यायचं हा खरा मुद्दा. जे झिजतं ते घ्या: चेन, पॅड, केबल, टायर, फोर्कचे सील आणि तेल. चेन अंदाजाने बदलू नका, पट्टीने मोजा. एका पिनच्या मध्यावर शून्य धरलं की बरोबर १२ इंचावर पिनचा मध्य यायला पाहिजे. एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदला, एक अष्टमांश गेला असेल तर बहुतेक कॅसेटही गेली.

फोर्कचं म्हणाल तर आधी पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागेपुढे हलवा आणि हेडसेटच्या (हँडल जिथे फ्रेममध्ये फिरतं तिथल्या बेअरिंगच्या) जोडावर बोट ठेवा. हालचाल तिथेच जाणवली तर फोर्कला काही झालेलं नाही, हेडसेट घट्ट केला की झालं, खर्च जवळपास शून्य. पण काहीही झालं तरी नवीन फोर्क घेऊ नका, नवीन व्हीलसेट (चाकांची जोडी) तर नाहीच. २६ इंचीचा फोर्क हल्लीच्या २९ इंची चाकाला चालत नाही, स्टिअरर ट्यूबही (फोर्कची फ्रेममध्ये जाणारी नळी) आता बहुतेक टेपर्ड, म्हणजे खाली जाड होत जाणारी असते, मागच्या चाकाचा हब (मधला भाग) तुमचा १३५ मिमीचा असणार आणि नवीन फ्रेमला बहुतेक १४८ चा लागतो, म्हणजे त्यातलं काहीच पुढच्या सायकलवर जाणार नाही. नवीन सायकलच्या किमतीच्या १५ टक्क्यांचा फोर्क घेतलात तर तुमची चार महिन्यांची बचत गेली. पेडल मात्र बिनधास्त घ्या, आटे तेच असतात, हेल्मेट, पंप, टूल हेही दोन्हीकडे चालतं.

एकच गोष्ट अशी आहे जिथे मी हा सगळा हिशोब बाजूला ठेवीन, ती म्हणजे फ्रेम. सायकल धुतल्यावर हेड ट्यूब (हँडलखालची नळी) आणि डाउन ट्यूबचा (तिथून पेडलकडे उतरणारी नळी) जोड, बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो ती जागा) आसपास, चेनस्टे (तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या), हे सगळं उजेडात बघा, रंगावर केसासारखी रेघ दिसली तर नख फिरवा. नख अडकलं तर ट्रेल त्या दिवसापासून बंद, मग १७ महिने थांबायचं की कमी किमतीची सेकंडहँड हार्डटेल बघायची हा वेगळा प्रश्न, तेव्हा परत लिहा, आपण आकडे नव्याने मांडू.

आणि जुनी विकून नवीनमध्ये भर घालायचा विचार असेल तर राहू दे. २६ इंचीला आता जे मिळेल त्याने तुमचा फार तर एखादा महिना वाचेल. नवीनचा शॉक सर्व्हिसला जाईल त्या शनिवारी हीच बाहेर काढाल.