कामगिरीचं पान उलट बाजूने वाचा

पत्र: माझी मुलगी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. आता तिला एका विद्यापीठाच्या पब्लिक हेल्थ स्कूलमध्ये एमपीएचला (सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) प्रवेश मिळतो आहे. त्यांचा वार्षिक अहवाल आम्ही दोघींनी वाचला. पानोपानी विद्यार्थ्यांचे शोधनिबंध, परिषदांमधली पोस्टर्स, पारितोषिकं, शिष्यवृत्त्या. वाचून मी खूश झाले आणि ती गप्प झाली. म्हणते, एवढ्या हुशार मुलांत माझं काय? ती अभ्यासू आहे, पण पहिल्या पाचांत कधी नव्हती, आणि चारचौघांत बोलायला बुजते. तिचा मामा म्हणतो, एमबीबीएस नसेल तर आरोग्याच्या क्षेत्रात विचारतं कोण? शिवाय तिथल्या बऱ्याच मुलांनी प्रबंध तयार डेटावर, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच गोळा केलेल्या माहितीवर केलेत. त्याला संशोधन म्हणायचं का? फी भरायला तीन आठवडे आहेत. – एक आई

नमस्कार ताई,

‘मी खूश झाले आणि ती गप्प झाली’ हे तुमचं वाक्य नेमकं आहे. असे अहवाल फी भरणाऱ्याची छाती फुगावी म्हणूनच लिहिलेले असतात. जिला तिथे राहून शिकायचं आहे, तिने कामगिरीचं ते पान उलट बाजूने वाचायला हवं. ते कसं, हेच आज मुख्यतः सांगतो.

आधी मामांचा मुद्दा उरकू. सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचं नातं दाखवणारा ब्रिटनमधला १९५० सालचा गाजलेला शोधनिबंध दोघांच्या नावावर आहे, रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. डॉल डॉक्टर होते, हिल नव्हते. हिल यांना डॉक्टर व्हायचं होतं खरं, पण पहिल्या महायुद्धाच्या काळात क्षयाने गाठलं आणि तो विचार सोडावा लागला. मग पत्रद्वारा अर्थशास्त्राची पदवी घेतली, संख्याशास्त्राकडे वळले आणि पुढे लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये प्राध्यापक झाले. १९५१ मध्ये या जोडीने ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवून सिगारेटच्या सवयीबद्दल विचारलं. सुमारे ४० हजार जणांनी उत्तरं दिली आणि त्यांच्यातल्या पुरुष डॉक्टरांचा माग पुढे ५० वर्षं ठेवला गेला. म्हणजे ज्यांचा अभ्यास चालला होता ते सगळे डॉक्टर, आणि हिशेब मांडणाऱ्या दोघांतला एक संख्याशास्त्रज्ञ! मामांना हे जरूर ऐकवा. अर्थात मामा अगदीच चुकीचे नाहीत. काही पदं डॉक्टरांसाठी राखीव असतात आणि रुग्ण तपासायचं काम तर डॉक्टरांचंच. मुलीने त्या दारावर डोकं आपटू नये, एवढं पुरे. साथरोगशास्त्र, बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याच्या आकड्यांचं संख्याशास्त्र), पर्यावरण आणि आरोग्य, आरोग्यधोरण व व्यवस्थापन, सामाजिक-वर्तनविषयक शास्त्र हे एमपीएचचे परंपरेने ठरलेले पाच खांब. त्यातल्या दुसऱ्यावर तुमची मुलगी आधीच चढून बसली आहे.

आता ते पान.

पोस्टरपासून सुरुवात करू, कारण अहवालात त्यांचीच गर्दी असते. परिषदेला दोन-अडीचशे शब्दांचा सारांश पाठवायचा, तो स्वीकारला गेला की एका मोठ्या कागदावर आपलं काम छापायचं, दालनात फळ्याला लावायचं आणि तास-दोन तास त्याच्याशेजारी उभं राहायचं. कुणी थांबून विचारलं तर सांगायचं. कित्येकदा कुणी थांबत नाही. काम सुरू झालं आहे, याची ही खूण. ते संपलं, तपासलं गेलं, कुणाच्या उपयोगी पडलं, असं त्यावरून कळत नाही. पोस्टर वाईट असं मी म्हणत नाही, पहिलं पोस्टर प्रत्येकाने करावंच. फक्त बारा पोस्टर्स म्हणजे बारा शोध, असा हिशेब करू नका.

शोधनिबंधांच्या यादीत नुसता आकडा बघू नका, लेखकांची ओळ बघा. आरोग्याच्या संशोधनात साधारणपणे पहिलं नाव ज्याने प्रत्यक्ष राबून काम केलं त्याचं असतं, शेवटचं नाव गाइडचं किंवा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं, आणि मधली नावं ज्यांनी हातभार लावला त्यांची. विद्यार्थी चौदा नावांत नववा असेल, तर कदाचित त्याने फक्त प्रश्नावल्या भरून घेतल्या असतील. तेही काम आहेच. पण ‘आमच्या विद्यार्थ्याचा शोधनिबंध’ हे शब्द त्याला जरा सैल होतात. अनेक नियतकालिकांत निबंधाच्या शेवटी कोणी काय केलं याची छोटी नोंद असते, कल्पना कोणाची, डेटा कोणी गोळा केला, विश्लेषण कोणी केलं, लिहिलं कोणी. अख्ख्या अहवालापेक्षा त्या चार ओळी जास्त बोलतात.

एक उदाहरण देतो. करोनाच्या काळात लाल ठिपक्यांचा जगाचा नकाशा सगळ्यांनी पाहिला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा तो डॅशबोर्ड २२ जानेवारी २०२० ला सुरू झाला. तो उभा केला एन्शेंग डाँग या पीएचडीच्या विद्यार्थ्याने, त्याच्या गाइड लॉरेन गार्डनर यांच्यासोबत. सुरुवातीला आकडे हाताने भरले जात होते. महिन्याभरात एका नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावरचं टिपण आलं, त्यात पहिलं नाव विद्यार्थ्याचं आणि शेवटचं गाइडचं. ओळ अशी असली पाहिजे. आणि गंमत म्हणजे हे दोघे त्या विद्यापीठाच्या जगप्रसिद्ध पब्लिक हेल्थ स्कूलचे नव्हतेच, इंजिनिअरिंगच्या विभागातले होते. तेव्हा स्कूलच्या भिंतीपलीकडच्या विभागांशी विद्यार्थ्यांना काम करता येतं का, हेही विचारून ठेवा.

पारितोषिकांबद्दल मात्र मी जरा कडवट आहे. सार्वजनिक आरोग्यात काम जमलं की काहीच घडत नाही. मूल आजारी पडत नाही, साथ येत नाही. न घडलेल्या गोष्टीला पारितोषिक कोण देणार? १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती. शिरेतून द्यायचं सलाइन अपुरं पडलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पाकिटं भरली, पाण्यात कालवून ते लोकांना प्यायला दिलं. पाजायला नातेवाइकांनाच शिकवलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. महालनबीस तेव्हा जॉन्स हॉपकिन्सच्याच कोलकात्यातल्या केंद्रात काम करत होते. या कामावरचा शोधनिबंध छापून आला १९७३ मध्ये. पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. त्या केंद्राने १९७१ सालचा ‘आमची कामगिरी’ असा अहवाल काढला असता, तर पारितोषिकांच्या रकान्यात या कामासमोर रेघ असती.

म्हणून मी अहवालात वेगळीच गोष्ट शोधतो. विद्यार्थ्याच्या कामानंतर कुणी काही बदललं का? एखाद्या दवाखान्याने नोंदवहीचा रकाना बदलला, एखाद्या पालिकेने पाण्याचे नमुने घ्यायची जागा बदलली, लसीकरणाची वेळ सकाळऐवजी संध्याकाळ झाली. असं एक वाक्य सापडलं तरी मला ती संस्था आवडते. आणि अहवालात असं एकही वाक्य नसेल तर ते कुणी लिहिलं नाही की तसं घडलंच नाही, हे विचारायला हवं.

आता तयार डेटावरचा प्रबंध. याला कमी लेखू नका. आल्फ्रेड सोमर नावाचे डोळ्यांचे डॉक्टर सत्तरच्या दशकात इंडोनेशियात मुलांच्या डोळ्यांची पाहणी करत होते. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येणारं अंधत्व हा विषय. काही वर्षांनी तोच डेटा पुन्हा चाळताना त्यांच्या लक्षात आलं, की ज्या मुलांना सौम्य रातांधळेपणा होता त्यांतली काही पुढच्या फेरीला सापडतच नव्हती. ती मरण पावली होती, इतरांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात. हे १९८३ मध्ये छापलं, तेव्हा पुष्कळांचा विश्वास बसला नाही. मग आचे प्रांतातल्या ४५० गावांत रीतसर चाचणी झाली आणि १९८६ मध्ये निकाल आला. ज्या गावांत ‘अ’ जीवनसत्त्व दिलं, तिथे बालमृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी होते. डेटा जुनाच होता, विचारलेला प्रश्न नवा होता. मुलांचे प्रबंध तपासताना ‘डेटा कुठून आणला’ यापेक्षा ‘प्रश्न कोणाचा’ हे बघा. वीस मुलांनी एकाच सर्वेक्षणावर एकाच साच्याचे प्रबंध लिहिले असतील, फक्त जिल्हा बदलून, तर तिथे शिकवणं थंडावलेलं आहे.

पुढचं मुलीला वाचायला द्या.

बुजरी आहेस म्हणून या क्षेत्रात तुझं अडेल, असं मला वाटत नाही. एका विद्यार्थिनीने मला तिचं पहिलं विश्लेषण दाखवलं होतं. छान तक्ते, रंगीत आलेख. पण मुलांचं सरासरी वय अकरा निघालं होतं, आणि पाहणी होती पाच वर्षांखालच्या मुलांची. तिच्या गाइडने नुसती एक्सेल उघडली आणि बोटाने वयाचा रकाना खाली खाली सरकवला. ३, २, ४, १, ९९. पुन्हा ९९. ‘वय माहीत नाही’ यासाठी तिथे ९९ हा कोड होता आणि हिने त्याचीही सरासरी काढली होती. मोठमोठी नावं असलेल्या संशोधनात निम्मा वेळ असला रकाना निवांत बघण्यात जातो. ज्यांना तो बघण्याचा कंटाळा येत नाही अशी माणसं फार थोडी असतात, आणि तुझ्या आईच्या पत्रावरून तू त्यातली वाटतेस.

बोलावं लागेल, नाही असं नाही. पण ते व्यासपीठावरचं बोलणं नव्हे. प्रश्नावली छापण्याआधी पाच-दहा जणांवर करून बघतात, तेव्हा ‘गेल्या महिन्यात दवाखान्यात गेला होतात का’ याला सगळे ‘नाही’ म्हणतात. मग कुणीतरी गप्पांच्या ओघात सांगतं, ‘औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या की!’ तिथे कळतं की आपला प्रश्नच चुकला. हे ऐकून घ्यायला मोठा आवाज लागत नाही. उलट सतत बोलणाऱ्यांकडून हे निसटतं, असा माझा अनुभव आहे.

एक मात्र खरं, तुझं संख्याशास्त्र तिथे तुला आळशी करू शकतं. पहिल्या सत्रात बायोस्टॅटिस्टिक्सच्या तासाला तू पुढे असशील, मुलं तुझ्याकडे शंका घेऊन येतील. त्या सुखात फील्डवर्क टाळू नकोस. डेटा गोळा होताना एकदा तरी हजर राहिलेल्या माणसाचं विश्लेषण वेगळं असतं.

ताई, तीन आठवड्यांत काय करायचं ते सांगतो. ती संस्था ज्या देशात आहे तिथली मान्यता तपासा, ते तासाभराचं काम आहे. अमेरिकेत सीईपीएच नावाची संस्था पब्लिक हेल्थ स्कूलना मान्यता देते, इतर ठिकाणी वेगळी व्यवस्था असते. मग अहवालातल्या निबंधांपैकी असे तीन निवडा ज्यांत विद्यार्थ्याचं नाव पहिलं आहे. असे तीन सापडलेच नाहीत, तर तेही एक उत्तर आहे. सापडले, तर त्यातल्या दोघांना मुलीने स्वतः ईमेल करावं. तुम्ही करू नका, मामांनी तर नकोच. विचारायचं एवढंच की प्रबंधाचा प्रश्न तुम्ही ठरवलात की गाइडने दिला, गाइड महिन्यातून किती वेळा भेटत होते, प्रॅक्टिकम (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एखाद्या संस्थेत करायचं प्रत्यक्ष काम) कुठे केलं आणि तिथे खरं काम मिळालं की फोटोकॉप्या काढल्या, आणि आता काय करता. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण मोकळेपणाने देतात. पहिल्या दोनांना कोण टाळतं, त्याकडे लक्ष द्या.

शिष्यवृत्तीबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण अहवालात ज्या ‘मिळाल्या’ म्हणून छापल्या आहेत त्या प्रवेशाच्या वेळी मिळतात की पहिल्या वर्षाच्या निकालावर, हे फी भरण्याआधी कार्यालयाकडून लेखी घ्या.

आणि ईमेल लिहिताना अडलीस, तर मसुदा मला पाठव. आधी तुझा तू लिहून, मगच.