सासऱ्यांची संध्याकाळ, सुनेची झोप

प्रश्न : सासऱ्यांना स्मृतिभ्रंश आहे. दिवेलागणीला ‘मला पंचवटीच्या घरी जायचंय’ म्हणत दार ओढतात. सिडकोत येऊन २० वर्षं झाली. रात्री मीच उठते. नाशिकरोडची नणंद फोनवर सल्ले देते. सासऱ्यांवर चिडते, मग वाईट वाटतं. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, ‘हेच आपलं घर’ असा वाद घालू नका, त्याने त्यांची भीती वाढते. ‘पंचवटीला शेजारी कोण होतं?’ असं विचारा आणि हातात निवडायला मेथीची जुडी द्या. अंधार पडायच्या अर्धा तास आधीच सगळे दिवे लावा, सावल्यांनी गोंधळ वाढतो. दुपारी ३ नंतर चहा नको, दुपारची झोपही अर्धा तासच. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा नवं औषध कारण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. झोपेची गोळी मनाने मुळीच देऊ नका. तोल जाऊन पडले, तर खुब्याचं हाड मोडू शकतं.

तुमची चिडचिड अपुऱ्या झोपेची आहे, माया आटल्याची नाही. नणंदेला नुसतं ‘मदत करा’ म्हणून भागत नाही. ‘शनिवारी रात्री ९ ते सकाळी ७ तुम्ही इथे’ असं नेमकं मागा. आणखी दोन रात्री नवऱ्याने उठायचं, तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. दोन आठवडे सतत उदास वाटलं, भूक उडाली, तर ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.