शांग-चीमधली बसची फाइट सगळ्यांना आवडते, मग शेवट का नाही?

तुम्ही विचारलंय की शांग-ची हा मार्व्हलचा मारामारीचा पिक्चर बघणारे बहुतेक जण बसच्या फाइटबद्दल भरभरून बोलतात आणि शेवटाबद्दल कुरकुरतात, असं का, आणि तुमच्याकडे बघणाऱ्यांची रिॲक्शन काय होती.

मी ठाण्यात वर्तकनगरला सोसायटीच्या हॉलमध्ये गोजू-र्यू कराटे शिकवतो, १४ वर्षं झाली, त्यामुळे मी त्याच नजरेने सांगणार. आपल्याकडे हा पिक्चर मुळात उशिरा बघितला गेला. ३ सप्टेंबर २०२१ ला लागला तेव्हा महाराष्ट्रात थिएटरं बंद होती, ती उघडली २२ ऑक्टोबरला, तेही अर्ध्याच खुर्च्यांवर. हैदराबादचा आतेभाऊ तेव्हाच बघून आलेला आणि फोनवर नुसता बस बस करत होता. मग १२ नोव्हेंबरला हॉटस्टारवर आला, दिवाळीची सुट्टी होती, क्लासमधली सात-आठ पोरं माझ्या घरी जमली आणि आईने उरलेल्या चिवड्याचा डबा मधे ठेवून दिला.

बसची फाइट सुरू झाली आणि पोरं उठून उभीच राहिली. मला त्याचं कारण अगदी साधं वाटतं. चालत्या बसमध्ये उभं राहणं म्हणजे काय हे प्रत्येकाला माहितीये, घोडबंदर रोडला टीएमटीच्या बसने ब्रेक मारला की दांडा कसा पकडावा लागतो, पाय कसे फाकवावे लागतात, हे आपल्या अंगात बसलेलं असतं, आणि इथे तर सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारावर ब्रेक गेलेली बस आहे आणि हिरो शांग-ची त्यात दांडे, सीटा, अंगातलं जॅकेट, हाताला येईल ते वापरून लढतोय. म्हणजे बघणाऱ्याचं शरीर आपोआप त्याच्याबरोबर तोल सावरत राहतं. हे वळण जॅकी चॅनच्या पिक्चरांचं आहे आणि ते योगायोगाने आलेलं नाही, ॲक्शनची जबाबदारी ब्रॅड ॲलनकडे होती, जो जॅकी चॅनच्या स्टंट टीममध्ये तयार झालेला. रिलीजच्या महिनाभर आधी, ऑगस्ट २०२१ मध्ये तो गेला, पिक्चर त्यालाच अर्पण केलाय. मी पोरांना ते नाव पॉज करून दाखवलं, कारण पडद्यावर मार खाणाऱ्यांची आणि तो बसवणाऱ्यांची नावं कोणी वाचत नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आता शेवट. ड्रॅगन आला तशी दहा वर्षांची पोरं खूश आणि सोळा-सतराची पोरं मोबाईलमध्ये. ग्राफिक्स वाईट आहेत म्हणून नाही, व्हिज्युअल इफेक्ट्ससाठी तर या पिक्चरला ऑस्कर नॉमिनेशन मिळालं. पण ड्रॅगनच्या पाठीवर कोणाचा तोल कसा जातो हे आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही, त्यामुळे डोळे बघत राहतात आणि अंग मागे राहतं. इतकंच.

पण माझं म्हणणं असंय की लोक खरा शेवट बघायचाच विसरतात. खरा शेवट बाप-लेकाची लढाई आहे. सुरुवातीला शांग-चीचा बाप वेनवू बांबूच्या जंगलात त्याच्या होणाऱ्या आईला, यिंग लीला भेटतो तेव्हा त्याचे हात बघा, मुठी घट्ट आवळलेल्या, आणि तिचे तळवे उघडे, गोल फिरणारे. पुढे मावशी शांग-चीला शिकवताना त्याची मूठ उघडते. आणि शेवटी बापाच्या हातातली दहा जादूची कडी शांग-चीकडे येतात तेव्हा त्यांचा निळा उजेड केशरी होतो. आमच्या गोजू-र्यूमध्ये गो म्हणजे कठोर आणि जू म्हणजे मृदू, हे मी दर बॅचला फळ्यावर लिहितो आणि कोणाच्या डोक्यात शिरत नाही, त्या दिवशी एक पोरगा स्वतःहून म्हणाला, सर, त्याने आईच्या हाताने बापाला अडवलं. मी त्याला काहीच बोललो नाही, गळा भरून आला होता. टोनी लिअंगने तो बाप असा केलाय की त्याचा राग येतच नाही, मेलेल्या बायकोचा आवाज ऐकू येतोय म्हणून धावणारा माणूस आहे तो. माझी आई सहसा मारामाऱ्या बघत नाही, पण तो आला की हातातलं काम थांबवायची.

आणि एक रिॲक्शन मी विसरू शकत नाही. क्लासमधल्या एकाची बहीण, तेव्हा १३ वर्षांची, भावाला सोडायला यायची आणि जिन्यात बसून राहायची. दोघांची फी परवडत नाही असं घरचं म्हणणं. पिक्चरमध्ये शांग-चीच्या बहिणीला, शिआलिंगला, बाप मुलांबरोबर शिकू देत नाही, ती लांबून बघून बघून शिकते. तो भाग आला तशी ही पोरगी एकदम गप्प झाली, आणि पिक्चर संपल्यावर बाकीचे चपला शोधत असताना मला म्हणाली, सर, मला पहिला काता येतो. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली. तिने करून दाखवला, हॉलमधल्या टीपॉय आणि सोफ्याच्या मधे, वळणं सगळी बरोबर. दोन वर्षं ती जिन्यात बसत होती आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो, फी घेणार नाही म्हणून सांगितलं, वडील बराच वेळ नको नको करत होते, मग तयार झाले. आज ती ब्राऊन बेल्ट आहे आणि लहान मुलांची बॅच घेते.

म्हणून तुम्ही अजून बघितला नसेल तर नावं यायला लागली की उठू नका. क्रेडिट्समध्ये दोन सीन आहेत, पहिल्यात वाँग वगैरे मंडळी आहेत, तो मार्व्हल फॅन लोकांसाठी. अगदी शेवटचा शिआलिंगचा आहे, त्यात बापाच्या अंगणात कोण कोण सराव करतंय ते नीट बघा.