पुतणीचं लग्न बारा दिवसांवर

प्रश्न : माझी पुतणी पंधरा वर्षांची, नववीत आहे. दीर-जाऊ ऊसतोडीला जातात. "पोरीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवू?" म्हणत दिरांनी तिचं लग्न ठरवलंय, बारा दिवसांनी, मुलाच्या गावी. मी तोंड उघडलं तर घर फुटेल, आणि गप्प बसवत नाही. – एक काकू, बीड जिल्हा

ताई, दिरांची काळजी खोटी नाही. म्हणूनच नुसतं लग्न अडवून भागणार नाही.

आधी वयाचा पुरावा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख बघा. मुख्याध्यापकांकडे त्या नोंदीची नक्कल, म्हणजे निर्गम उतारा, मिळतो. आधारवरची तारीख कधीकधी लग्नाआधी 'दुरुस्त' करून आणलेली असते, तिच्यावर विसंबू नका.

मग १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन. फुकट आहे, चोवीस तास चालतो, तुमचं नाव गुप्त ठेवा असं आधीच सांगा. "गावात बालविवाह आहे" एवढंच सांगून ठेवून देऊ नका. मुलीचं नाव, शाळा, इयत्ता, दोन्ही गावं, तारीख, मुहूर्त, मांडव कुठे पडणार, सगळं सांगा. पत्रिका नसली तरी चालेल. अशा लग्नात ती सहसा छापतच नाहीत. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक (आताचं पदनाव ग्रामपंचायत अधिकारी), अंगणवाडी सेविका त्यांच्या मदतीला. लग्न मुलाच्या गावी आहे, तेव्हा खबर दोन्हीकडच्या ग्रामसेवकांना हवी. सरपंचाच्या भावकीतलं लग्न असेल तर ग्रामसेवक कचरतो, म्हणून १०९८ आधी.

फोन आजच करा. हळद लागल्यावर पथक आलं की सगळा राग पोरीवर निघतो. शिवाय तारखेवर फार भरवसा नको: साखरपुडा म्हणून बोलावतात आणि त्यातच अक्षता टाकून मोकळे होतात.

घोळ होतो तो पुढे. 'अठरापर्यंत लग्न करणार नाही' अशा हमीपत्रावर आईबाप सही करतात, अधिकारी परततात, आणि आठवड्यात मामाच्या गावी गुपचूप लग्न लागतं. म्हणून प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घ्यायला अधिकाऱ्यांच्या मागे लागा. हुकूम मोडून लावलेलं लग्न कायद्याने मुळातच रद्द. मुलाकडच्यांच्या कानावर एवढं घाला : २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, लग्न लावणारा भटजीही त्यात येतो. बहुतेकदा तेच आधी माघार घेतात.

आता दिरांचा प्रश्न. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत. समाजकल्याण कार्यालयात जागेची चौकशी करा. जागा नसेल तर हंगामापुरती पुतणी तुमच्याकडे ठेवायची तयारी आहे का, ते घरात आधी ठरवा. दिरांशी बोलायला रिकाम्या हाताने जाऊ नका. वसतिगृहाचा अर्ज भरून न्या, आणि मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेल्या माणसाला कायदा ऐकवण्याआधी पोरगी कुठे राहील ते सांगा. बोलायला घरातलं थोरलं माणूस पुढे करा, तुम्ही मागे राहा.

एवढं करूनही लग्न लागलंच, तर वाट बंद नाही. वीस वर्षांची होईपर्यंत ती जिल्हा न्यायालयात जाऊन ते रद्द करून घेऊ शकते. अठरा पूर्ण होईपर्यंत तिच्या वतीने पालक किंवा जवळचं माणूस बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यासोबत अर्ज करतो. त्यासाठी निर्गम उताऱ्याची एक प्रत तुमच्या पेटीत राहू द्या.

आणि पुतणीकडून १०९८ हा आकडा तोंडपाठ करून घ्या. वहीत लिहायला सांगू नका, तिची वही आधी चाळली जाईल.